अमेरिकेतर्फे लोउ चेंगवू

चीनचे निवृत्त लोउ जनरल भाषणाला उभे राहिले की काचेच्या खोलीतली दुभाषी मुलगी कानावरचे हेडफोन काढून ठेवायची. गरजच नव्हती. "दोन्ही महान देशांनी परस्पर आदराच्या पायावर" हे जनरल म्हणायच्या आधीच तिने ते इंग्रजीत म्हणून टाकलेलं असायचं. जनरल श्वासाला थांबले की तीही पाण्याचा घोट घ्यायची. दरवर्षी तेच भाषण. वरिष्ठांच्या अधिकृत भाषेत काही बदल झालाच तर एखादं जुनं वाक्य जायचं, त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचं नवं यायचं.

मग उठायचे टिसडेल. हॉलिस टिसडेल, अमेरिकेचे निवृत्त राजदूत, ताडासारखे उंच, बसले तरी उभे असल्यासारखे वाटणारे. त्यांचंही भाषण ठरलेलं. त्यात 'पारदर्शकता' हा शब्द इतक्यांदा यायचा की दुसऱ्या दुभाष्याने त्याच्यासाठी हाताची एक खूण ठरवून टाकली होती.

ताओ रुइफांग या सगळ्याची चिटणीस होती. पेइचिंगच्या पश्चिमेला टेकड्यांच्या पायथ्याशी एका अभ्याससंस्थेचं अतिथिगृह आहे, तिथे हा संवाद भरायचा. अण्वस्त्रांवरचा चिनी-अमेरिकन अनौपचारिक संवाद. अनौपचारिक म्हणजे काय, तर सरकारांना एकमेकांशी बोलायचं नसतं तेव्हा निवृत्तांना बोलायला बसवतात. निवृत्त माणूस काही बोलला तर ते देशाचं मत नसतं, आणि काहीच बोलला नाही तर तेही देशाचं मत नसतं. मधल्या मधे जेवणं होतात.

त्या खोलीतल्या एकानेही अण्वस्त्राने भाजलेला माणूस जवळून पाहिलेला नव्हता. पण 'नुकसानीची स्वीकारार्ह पातळी' हा शब्दप्रयोग सगळ्यांना तोंडपाठ होता. स्वीकारणार कोण, हे विचारायची पद्धत नव्हती. विचारणारा अडाणी ठरतो, आणि तिथे सगळे डॉक्टरेट.

पहिल्या दिवशी दुपारी संस्थेचे संचालक बाओ यांनी ताओला कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बोलावून घेतलं. बाओ तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, केस चोपून बसवलेले, ताटात फक्त उकडलेली भाजी.

"ताओ बाई, यंदा एक वाक्य हवं."

"कसलं वाक्य, साहेब?"

"दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं. सह्यांसकट. एकच. मी काही दहा मागत नाही."

"'हवा छान आहे', हे चालेल? त्यावर एकमत होईल असं वाटतं."

"चेष्टा नको." बाओंनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "वरून विचारणा झालीय. इतकी वर्षं यांना भाजलेली बदकं खाऊ घातली, बाहेर काय पडलं म्हणून. यंदा काही नाही निघालं तर हा संवाद बंद. त्याऐवजी समुद्रतळाच्या खनिजांवर चर्चा सुरू करायचं चाललंय. तिथे निदान खनिजं तरी आहेत."

"आणि मी?"

"निवृत्त कार्यकर्ता विभाग. सुलेखनाचे वर्ग, पेन्शनरांच्या सहली, वाढदिवसाला दीर्घायुष्याच्या शेवया. म्हातारे सांभाळायचा तुमचा अनुभव दांडगा आहे."

ताओला शेवयांचं भय नव्हतं. शेवया तिला आवडायच्या. भय वेगळंच होतं आणि ते कुणाला सांगितलं तर लोक तिच्याकडे कीव आल्यासारखं बघतील हेही तिला ठाऊक होतं. उद्या समुद्रावर दोन पोरं, एक इथल्या कुठल्या खेड्यातलं आणि एक तिथल्या, एकमेकांच्या अंगावर विमानं घालतील. दोन्हीकडचे मोठे लोक छाती पुढे काढून पत्रकारांसमोर उभे राहतील. त्या वेळी पलीकडच्या एका तरी माणसाचा आवाज ओळखणारा, 'अरे बाबा, नक्की झालंय काय?' असं विचारू शकणारा एक तरी माणूस हवा. तसे तिच्या माहितीत दोनच होते. एक सकाळी भाषण करत होता, दुसरा ते ऐकताना पेंगत होता. हा संवाद बंद पडला की तेही गेलं. समुद्रतळाची खनिजं फोन करत नाहीत.

ती म्हणाली, "बघते."

"बघू नका. आणा," बाओ म्हणाले आणि भाजी संपवून गेले.

संध्याकाळी मेजवानी. गोल टेबल, यजमान दाराकडे तोंड करून, त्यांच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा, बाकीचे मानाच्या उतरत्या क्रमाने, थेट दारापाशी बसलेल्या ड्रायव्हरांच्या मुकादमापर्यंत. लोउ जनरल यजमान, टिसडेल उजवीकडे. ज्वारीची ती कडक दारू बोटभर पेल्यांतून फिरायला लागली आणि बदक येईपर्यंत दोघांचेही कान लाल झाले.

"हॉलिस," जनरल म्हणाले, "तू सकाळी माझ्या भाषणात झोपलास."

"डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरत होतास."

"सहमती दर्शवत होतो. चेंगवू, ते भाषण मला तुझ्यापेक्षा चांगलं येतं."

"म्हणून दाखव!"

आणि टिसडेल उठले. पोट पुढे काढलं, हात मागे बांधले, हनुवटी वर करून छताकडे पाहिलं आणि मोडक्यातोडक्या चिनीत सुरू झाले: "दोन्ही महान देशांनी परस्पर आदराच्या पायावर..." 'पायावर' म्हणताना जनरल टाचा उचलायचे, तेही त्यांनी उचलल्या. टेबल हसून लोळायला आलं. जनरलांनी टाळी दिली आणि लगेच आपली खुर्ची मागे सारली. मग त्यांनी टिसडेल केले. कोपर टेबलावर, एक बोट समोरच्याच्या नाकापर्यंत, आणि दर चार शब्दांनी "पारदर्शकता! पारदर्शकता!" एवढं की टिसडेल डोळे पुसायला लागले.

हसली नाही ती फक्त ताओ. ती बघत होती. इतकी वर्षं हे दोघे एकमेकांचं ऐकत नाहीत असं तिला वाटायचं. इथे तर दोघांनीही एकमेकांचं अक्षरन् अक्षर साठवून ठेवलं होतं.

तिच्या शेजारी मेरिडिथ काँक्लिन बसली होती. टिसडेलांच्या चमूतली प्राध्यापक, पन्नाशीची, बदकाचं कातडं काढून बाजूला ठेवणारी. दुसऱ्या दिवशीचा खेळ तिनेच बेतलेला होता: समुद्रात एक निनावी खडक, त्याच्याजवळ दोन देशांच्या जहाजांची टक्कर, आणि मग दोन्ही चमूंनी आपापल्या देशाच्या वतीने काय करायचं ते खेळून बघायचं. दोन टेबलं, दोन फोन.

"मेरिडिथ," ताओ हळूच म्हणाली, "उद्या टेबलं उलटी लावली तर?"

काँक्लिनचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुम्ही अमेरिका, आम्ही चीन?"

"हं."

"मी हे तुम्हाला कधीपासून विचारणार होते! पण तुमच्याकडे परवानगी लागेल ना?"

"कार्यक्रमपत्रिकेत 'परिस्थितीजन्य चर्चा' असं मंजूर झालंय. कोण कुठे बसणार ते कुठे लिहिलंय?"

सकाळी जनरलांना हे सांगितलं तेव्हा ते चहाचा थर्मास घेऊन आवारात चालत होते. थर्मासमध्ये लाल गोजीची बोरं तरंगत होती. जनरल जागच्या जागी थांबले.

"माझ्या बापाच्या पायाची बोटं कोरियात गोठून गळाली, ताओ. अमेरिकेशी लढताना. आणि तू मला अमेरिका व्हायला सांगतेस?"

"खेळ आहे, साहेब."

"अजिबात नाही. डोकं फिरलंय तुझं."

"राष्ट्राध्यक्ष व्हायचंय तुम्हाला."

जनरल दोन पावलं गेले आणि पुन्हा थांबले. "राष्ट्राध्यक्ष?"

"त्यांचे. सेनापतीही तेच. सगळं आरमार तुमच्या हातात."

"विमानवाहू जहाजंसुद्धा?"

"सगळी."

"आणि टिसडेल?"

"ते आपले प्रमुख."

"म्हणजे त्याला माझं ऐकावं लागेल?"

"नाही साहेब. आपण कुठे ऐकतो?"

जनरलांनी बोरांचा घोट घेतला आणि थर्मासचं झाकण लावलं. "चल," म्हणाले, "शत्रूचा अभ्यास म्हणून."

खेळ नऊला सुरू झाला. पाव तासात लोउ जनरलांचा कोट खुर्चीच्या पाठीवर गेला, बाह्या वर गेल्या. त्यांनी कॉफी मागवली, जी त्यांना कधी सहन होत नसे. जहाजांची टक्कर झाल्याचं काँक्लिनने जाहीर केलं. मागच्या रांगेतल्यांना वाटलं, आता जनरल कागद वाचून दाखवतील. जनरलांनी कागद उलटा ठेवला.

"पत्रकारांना बोलवा."

"साहेब, आधी त्यांच्याशी बोलायला नको?" ताओने विचारलं. ती त्यांची सुरक्षा सल्लागार झाली होती.

"आधी पत्रकार. ते नेहमी आधी पत्रकारांशी बोलतात. मग आपल्याला वर्तमानपत्रातून कळतं." आणि समोर जणू कॅमेरे आहेत अशा थाटात हात पसरून ते म्हणाले, "सगळे पर्याय खुले आहेत. मी एवढंच सांगेन. सगळे. पुढचा प्रश्न."

"प्रश्न कुणी विचारलेलाच नाही, साहेब."

"तरी पुढचा!"

पलीकडच्या टेबलावर टिसडेल झाले होते चीनचे प्रमुख. त्यांनी खुर्ची टेबलापासून चांगली हातभर मागे घेतली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, कपातल्या चहावर फुंकर मारली आणि पानं तळाशी बसेपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. मग म्हणाले, "या प्रश्नाला तीन बाजू आहेत. पहिल्या बाजूचे तीन भाग आहेत."

जनरलांनी फोन केला. पलीकडे फोन वाजला. टिसडेलांच्या चमूतले पाच अमेरिकन त्या फोनभोवती गोळा झाले आणि बघत राहिले.

"उचलायचा का?" एकाने विचारलं.

"उचलून बोलायचं काय? काही ठरलंय का आपलं?"

"नाही ठरलं."

"मग ठरल्यावर उचलू. समिती नेमा."

फोन वाजत राहिला. त्यांनी खरोखरच समिती नेमली, अध्यक्ष निवडला, उपाध्यक्षाच्या नावावर मतभेद झाले. इकडे जनरलांच्या कपाळावरची शीर टरारली. रिसीव्हर कानाला दाबून ते ओरडले, "उचलत का नाहीत? माझी जहाजं पाण्यात उभी आहेत! लोकांना काय सांगू मी? फोन केला, उचलला नाही?"

"साहेब," ताओ म्हणाली, "तिकडे बैठक चालू असेल."

"बैठक! जग जळायला निघालंय आणि यांची बैठक!"

हे तोंडातून गेलं आणि चिनी बाजूच्या दोघातिघांनी एकदम मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवायला घेतलं. खांदे मात्र हलत होते. जनरलांनी ते पाहिलं. त्यांनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला.

त्यात मो सर. प्राध्यापक मो, पदार्थविज्ञानाचे, वाळक्या काडीसारखे, इतक्या वर्षांत या खोलीत विचारल्याशिवाय कधी शब्द न बोललेले. त्यांना अमेरिकेतले सिनेटर केलं होतं. काय संचारलं कोण जाणे. ते उठले आणि आपल्याच राष्ट्राध्यक्षावर तुटून पडले.

"अध्यक्षमहाशय, माझ्या राज्यातल्या जनतेला काय मिळणार यातून? मी एक पैसा मंजूर करणार नाही! माझी निवडणूक आहे!"

"मो, तू माझ्या बाजूने आहेस ना?" जनरल हतबुद्ध होऊन म्हणाले.

"मी जनतेच्या बाजूने आहे! तुमचं अंदाजपत्रक मी अडवतो!" आणि मो सर खाली बसले. त्यांचा चेहरा असा उजळलेला होता की त्यांच्या बायकोनेही तो बहुतेक पाहिला नसेल. मग त्यांना भान आलं असावं. ते चष्मा पुसायला लागले आणि पुढे बराच वेळ पुसत राहिले.

अकराच्या सुमाराला खेळ हा खेळ राहिला नाही. जनरल आपल्या टेबलावरून उठून थेट टिसडेलांच्या पुढ्यात गेले.

"किती क्षेपणास्त्रं आहेत तुमच्याकडे? आकडा सांगा! आमचा आकडा आम्ही सांगतो. तुम्ही का लपवता? लपवणाऱ्याशी मी बोलू कसा? तुमच्या मनात काय आहे हे मला कळत नाही आणि मला रात्री झोप लागत नाही!"

टिसडेलांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला, आणि तो चिनी प्रमुखाचा होता की टिसडेलांचा हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "आकडा सांगू? तुमच्याकडे आमच्या कितीतरी पट आहेत! रोज माझ्या दारासमोरून तुमची विमानं जातात, माझ्या खिडकीत डोकावतात, आणि वर म्हणता खिसा उलटा करून दाखव? ज्याच्याकडे थोडं आहे त्याच्याजवळ अंधाराशिवाय आहे काय? अंधारही काढून घ्या!"

दुभाषी मुलीने हेडफोन घट्ट धरले होते. या वाक्यांसाठी तिच्याकडे काही तयार नव्हतं, म्हणून त्या सकाळी ती पहिल्यांदाच घामाघूम झाली होती.

जनरल समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"आकडा राहू दे," शेवटी जनरल म्हणाले. "फोन तरी उचल."

"उचलून काय बोलू? मला बोलायची मुभा नाही. वरच्यांचं ठरेपर्यंत मी एक शब्द बोलू शकत नाही."

"मग बोलू नकोस. उचल फक्त. पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय एवढं कळलं तरी मी माझ्या लोकांना तासभर थोपवून धरेन."

टिसडेलांनी मान हलवली. ते काँक्लिनकडे वळले. "हे लिही."

तिने लिहिलं. दोन्ही भाषांत एकच वाक्य झालं: *फोन वाजला की दोन्ही बाजूंनी तो उचलावा, बोलायला काही नसलं तरी उचलावा.*

मग रीतसर सगळं झालं. दोन खुर्च्या शेजारी, दोन छोटे झेंडे, सह्या, पेनांची अदलाबदल, हस्तांदोलन, उंचीप्रमाणे उभं राहून फोटो. 'अमेरिकेतर्फे' याच्या खाली लोउ चेंगवूंनी आपली दणदणीत सही ठोकली. 'चीनतर्फे' याच्या खाली हॉलिस टिसडेलांनी. टाळ्या वाजल्या. सगळे जेवायला गेले. ताओ मागे राहिली आणि तो कागद हातात घेऊन उभी होती तेव्हा तिच्या लक्षात आलं की हवं होतं ते वाक्य मिळालंय आणि कागदावर मात्र भलतंच काहीतरी घडलंय.

जनरलांच्या लक्षात हे दुपारच्या झोपेनंतर आलं. ते तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले, अंगात बनियन, चेहरा पांढराफटक.

"ताओ. मी अमेरिकेतर्फे सही केली."

"हो साहेब."

"आयुष्यभर क्षेपणास्त्र दलात नोकरी केली मी. माझं पद, माझं नाव, माझी सही. अमेरिकेतर्फे. फोटोसकट." ते खुर्चीत बसले. "आधी पेन्शन थांबवतात की आधी चौकशीला बोलावतात?"

"काही होत नाही. उद्या सकाळी आपल्या आपल्या जागी बसून तेच वाक्य पुन्हा मान्य करू, नवीन कागदावर सही करू, हा फाडून टाकू. वाक्य तर तुम्हा दोघांचंच आहे."

"एवढंच ना?" त्यांच्या जिवात जीव आला. "मग अडचण काय?"

अडचण तिसऱ्या दिवशी सकाळी दिसली. टेबलं सरळ झाली होती. जनरलांच्या पुढ्यात चीनचा झेंडा, अंगात कोट, वरचं बटण लावलेलं. टिसडेलांच्या पुढ्यात त्यांचा. ताओने वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंना हे मान्य आहे असं मी समजते."

जनरल उठले. हात मागे गेले, टाचा वर.

"दूरध्वनीचा प्रश्न हा मुळात परस्पर विश्वासाचा प्रश्न आहे. विश्वास नसताना दूरध्वनी उचलणं म्हणजे..."

ताओने डोळे मिटले.

टिसडेल म्हणाले, "आमची भूमिका स्पष्ट आहे. दूरध्वनी हे साधन आहे. आधी पारदर्शकता हवी. तिच्याशिवाय नुसता फोन उचलणं म्हणजे चुकीच्या वागणुकीला बक्षीस दिल्यासारखं..."

काचेमागे दुभाषी मुलीने हेडफोन काढून ठेवले.

चहाच्या सुट्टीत ताओने दोघांना जिन्याखाली गाठलं. तिने आवाज चढवला नाही, चढवायची गरजही नव्हती. "काल स्वतःच्या तोंडाने बोललात तुम्ही दोघे. ते वाक्य मी दिलेलं नव्हतं."

"काल मी मी नव्हतो," जनरल जोड्यांकडे बघत म्हणाले. "आज मी मान्य केलं तर वर विचारतील, कुणाला विचारून केलंस? काल कुणी विचारणार नव्हतं. काल मी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो. त्याला कोण विचारतो?"

"माझंही तेच आहे, ताओ बाई," टिसडेल म्हणाले. "मी परत गेलो की म्हणतील, चिन्यांनी त्याला गुंडाळला. काल मी चीन होतो. चीनला गुंडाळायला काय हरकत होती?"

"म्हणजे स्वतःच्या देशात बसून तुम्हाला शहाणपण सुचत नाही."

"सुचतं," जनरल म्हणाले. "म्हणता येत नाही."

त्यावर तिला चीड आली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तिला ज्यांच्याबद्दल चीड यायला हवी होती, त्या सगळ्यांबद्दलची एकदम आली. दोन म्हाताऱ्यांवर ती काढण्यात अर्थ नव्हता. त्यांनी निदान एक सकाळ तरी खरं बोलून घेतलं होतं. बाकीचे आयुष्यात एक सकाळही बोलत नाहीत, आणि त्यांची बोटं बटणावर असतात.

तिने कालचा कागद घेतला आणि सरळ बाओंच्या खोलीत गेली. सोफ्यावर पांढरे जाळीचे रुमाल, समोर झाकणाचे कप.

"वाक्य आणलंय, साहेब. सह्यांसकट."

बाओंनी वाचलं. भुवया वर गेल्या. मग सह्यांपाशी आले आणि भुवया तिथेच अडकून राहिल्या.

"हे काय आहे? लोउ जनरल अमेरिकेतर्फे?"

"हो."

"आणि चीनतर्फे कोण? टिसडेल?"

"हो."

"ताओ बाई, तुम्ही शुद्धीवर आहात का? मी हे वर पाठवलं तर उद्या मी तुमच्याबरोबर शेवया वाटायला असेन!"

"साहेब, एकदा नीट वाचा. चीनने काय वचन दिलंय?"

"फोन उचलायचं."

"कुणी दिलंय?"

"टिसडेलने."

"टिसडेल चीनचे आहेत का?"

"नाही."

"मग चीनने काही वचन दिलंय का?"

बाओंनी कपाचं झाकण उचललं, परत ठेवलं. "नाही," ते सावकाश म्हणाले.

"आणि अमेरिकेने?"

"अमेरिकेने दिलंय. पण लोउ जनरलांनी दिलंय."

"पण 'अमेरिकेतर्फे' लिहिलंय."

"लिहिलंय खरं." बाओंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. "म्हणजे आपल्या ज्येष्ठ जनरलांनी वाटाघाटीत अशी कौशल्यपूर्ण कामगिरी केली, की अमेरिकन बाजूकडून बांधिलकी मिळवली आणि आपल्याकडून काहीही दिलं नाही."

"असं म्हणता येईल."

"येईल नव्हे, असंच आहे." बाओ उठून उभे राहिले होते. "फोटो आहे?"

"आहे."

"झेंडे दिसतात?"

"झेंडे दिसतात. कोण कुठल्या बाजूला बसलंय तेवढं बघू नका."

तासाभराने काँक्लिन तिला व्हरांड्यात भेटली. तिने वॉशिंग्टनला कळवलं होतं. तिकडे खूश होते. चिनी बाजूने फोन उचलण्याचं लेखी मान्य केलं, अमेरिकेचे हात मोकळेच राहिले, आणि हे सगळं जुन्या राजदूताच्या अनुभवामुळे साधलं. टिसडेलांना कुठलासा मानाचा बिल्ला द्यायचं घाटत होतं.

"हसू की रडू?" काँक्लिनने विचारलं.

"आधी जेवू," ताओ म्हणाली.

संध्याकाळपर्यंत बाओंकडून वरचा निर्णय आला. संवाद चालू राहणार. पुढच्या वर्षी क्षेपणास्त्रांच्या आकड्यांवरही बोलायला हरकत नाही, मात्र बैठकव्यवस्था कालचीच ठेवावी. खनिजांची चर्चा पुढे ढकलली.

अमेरिकनांची गाडी विमानतळाकडे निघाली तेव्हा लोउ जनरल फाटकापाशी उभे होते. टिसडेलांनी खिडकीतून हात हलवला, यांनीही हलवला. गाडी वळणाआड गेली तरी ते तिथेच रेंगाळत होते. ताओ शेजारी येऊन उभी राहिली.

"वाचलं म्हणायचं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"वाचलं."

"सगळे खूश आहेत."

"सगळे."

जनरल तिच्याकडे वळले. "एक सांग मला. फोन उचलायचं वचन अमेरिकेतर्फे मी दिलंय, आणि चीनतर्फे टिसडेलने. उद्या खरंच काही झालं आणि फोन वाजला, तर इथला उचलायला हॉलिसने इकडे यायचं, आणि तिथला उचलायला मी तिकडे जायचं?"

"हो साहेब," ताओ म्हणाली. "म्हणून सांगते, ती दारू जरा कमी करा. तुम्ही दोघे मेलात तर उचलायला दुसरं कुणी नाही."